मारायचं की लावायचं? मार्सेयचा पेतांक आपल्या परड्यात

दक्षिण फ्रान्सच्या मार्सेय बंदरात ऊन कललं की झाडांच्या सावलीत लोखंडी गोळ्यांचा खणखणाट सुरू होतो आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो: "त्यु तिर ऊ त्यु प्वाँत?" आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर, "मारतोस की लावतोस गा?" म्हणजे समोरच्याचा गोळा उडवणार, की त्याच्याहून जवळ आपला नेऊन ठेवणार? पेतांक नावाचा अख्खा खेळ या दोन क्रियापदांत आहे. घरामागचं परडं, भात काढून झाल्यावर मोकळं पडलेलं शेत, देवळासमोरची मातीची जागा यांपैकी काहीही चालतं. बारा गोळे आणि एक लाकडी गोटी मिळाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुठेही हा खेळ मांडता येतो. गोट्या खेळलेल्या माणसाला तो अर्धा आधीच येत असतो. उरलेला अर्धा मात्र गोट्यांची सवय मोडूनच शिकावा लागतो.

पाय का रोवायचे

मार्सेयपासून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर ला सियोता नावाचं गाव आहे. लुमिएर बंधूंनी स्टेशनात शिरणारी आगगाडी टिपली ते हेच गाव. त्या प्रोव्हांस भागात गोळ्यांचा एक लांब पल्ल्याचा खेळ जुना आहे, आजही तो चालतो. त्यात लक्ष्य पंधरा-वीस मीटरवर असतं आणि समोरचा गोळा उडवायचा तर तीन पावलं पळत जाऊन, तोल सांभाळत फेकावं लागतं. ज्यूल ल्नुआर या पट्टीच्या खेळाडूला संधिवाताने पळणं जमेना. कट्ट्यावर बसून नुसतं बघत राहायची पाळी त्याच्यावर आली. तेव्हा एर्नेस्त पितिओ या त्याच्या मित्राने पल्ला निम्म्यावर आणला आणि धावणं काढूनच टाकलं. रिंगणात उभं राहायचं, दोन्ही पाय रोवायचे आणि फेकायचं. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. प्रोव्हांसच्या बोलीत 'पे' म्हणजे पाय आणि 'तांको' म्हणजे रोवलेला. दोन्ही जोडून पेतांक.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं की नवा माणूस सगळ्यात आधी नेमका हाच नियम मोडतो. क्रिकेट हाडात भिनलेलं असतं, त्यामुळे गोळा सुटता सुटता मागचा पाय आपोआप उचलला जातो. गोळा जमिनीला टेकेपर्यंत दोन्ही पाय रिंगणातच हवेत आणि जमिनीवरून पूर्ण उचललेले नकोत. टाच थोडी वर गेली तर हरकत नाही. पहिल्या दिवशी एकाने फक्त पायांवर नजर ठेवावी. त्याला गोळ्याकडे बघायची परवानगीच देऊ नका.

याच नियमामुळे घरातले आजोबा, सून आणि दहावीतला नातू एका संघात बरोबरीने खेळू शकतात. ताकद आणि पळणं दोन्ही बाद झाल्यावर उरतो तो हात आणि जमिनीची पारख.

जागा

स्पर्धेची पट्टी 15 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद असते. घरगुती खेळाला 12 बाय 3 पुरे. मार्सेयमध्ये पट्टी आखण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. मातीची मोकळी जागा दिसली की खेळ सुरू. पण आपल्याकडे माती गावागणिक बदलते, आणि या खेळात मातीच खरी प्रतिस्पर्धी असते.

खानापूरच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती आहे. तिच्यातून पाणी लगेच निचरतं आणि तिच्यात बारीक खडे मुळातच असतात. तिथे नुसतं अंगण झाडून मोठे दगड वेचले तरी भागतं. निपाणी, अथणी, गोकाककडे काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि लाकडी गोटी भेगेत जाऊन बसते. पहिल्या पावसानंतर तीच माती गोळ्याला पेढ्यासारखी चिकटते. अशा जागी वरून मुरूम पसरून काही साधत नाही. काळी माती फुगते आणि मुरूम गिळून टाकते.

तिथे पट्टी नीट बांधावी. 12 बाय 3 मीटरच्या जागेतली माती 15 सेंटीमीटर खोल काढा. तळाला मुरूम दोन थरांत घाला. दाबल्यावर एकूण जाडी 10 सेंटीमीटर यायला हवी. प्रत्येक थरावर पाणी मारून, एक रात्र मुरू देऊन, दुसऱ्या दिवशी धुम्मस किंवा हातरोलर चालवा. दोन थर एकदम घालून वरून ठोकले तर खालचा थर पोकळ राहतो आणि पावसाळ्यात मधेच खड्डा पडतो. याला साधारण पावणेदोन ब्रास मुरूम लागतो. त्यावर बारीक मुरूम आणि क्रशरची कच मिसळून तीन सेंटीमीटर दाबायची. सगळ्यात वर सहा मिलिमीटरच्या आतली कच मोकळी पसरायची, जेमतेम अर्धा सेंटीमीटर. कच एकूण अर्धा ब्रास पुरते. उतार द्यायचा तो रुंदीच्या दिशेने, मीटरला एक सेंटीमीटर. लांबीच्या दिशेने दिला तर एका बाजूने फेकताना सगळे गोळे पळतात आणि दुसऱ्या बाजूने सगळे अडतात.

वरची मोकळी कच जास्त झाली की खेळ मेला. गोळा पडला तिथेच रुततो आणि घरंगळवणारा बिचारा हात चोळत बसतो. अजिबात नसली तर गोळा थांबतच नाही. सुगीतलं शेणाने सारवलेलं खळं दिसायला अगदी मार्सेयच्या मैदानासारखं दिसतं, पण त्यावर गोळे तेल लावल्यासारखे धावतात. मळणी आटोपल्यावर त्यावर दोन-चार घमेली कच शिंपडली की ते उत्तम होतं. तपासायचं असं: गोळा कमरेच्या उंचीवरून सोडा. गुडघ्याकडे उसळला तर जमीन फार कडक, अर्धा आत गेला तर फार मऊ. जरासा उसळून, हलकी खूण ठेवून थांबला की बेत जमला.

पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत आणि काँक्रीटच्या रस्त्यावर हा खेळ मांडू नका. गोळ्यांना खाचा पडतात, ब्लॉकच्या कडा फुटतात, आणि आवाजाने शेजारी जागा होतो तो वेगळाच.

गोळे आणि पिल्लू

नियमाप्रमाणे गोळा धातूचा, आतून पोकळ, 70.5 ते 80 मिलिमीटर व्यासाचा आणि 650 ते 800 ग्रॅम वजनाचा. लक्ष्याची गोटी लाकडी, 30 मिलिमीटरची, वजन 10 ते 18 ग्रॅम. फ्रेंचमध्ये तिला कोशोने म्हणतात, म्हणजे डुकराचं पिल्लू. आपण नुसतं पिल्लू म्हणूया. पिल्लू कुठल्याही कातारीकडून कातून घेता येतं. भगवा किंवा पिवळा भडक रंग द्या, तांबड्या मातीवर लाल दिसत नाही.

माणशी तीन गोळे, एकास एक किंवा दोघांविरुद्ध दोघे खेळताना. तिघांविरुद्ध तिघे असतील तर माणशी दोन. म्हणजे बारा गोळ्यांत सगळे प्रकार बसतात.

बेळगावकराच्या मनात लगेच येतं की उद्यमबागेत एवढ्या फाउंड्री आहेत, ओतून घेऊ की! इथे गणित आडवं येतं. 72 मिलिमीटरचा भरीव पोलादी गोळा सुमारे दीड किलो भरतो, म्हणजे हव्या त्या वजनाच्या दुप्पट. दोन डावांत मनगट बोंबलेल, आणि पायावर पडला तर बोट जाईल. त्याच व्यासाचा 700 ग्रॅमचा गोळा हवा असेल तर तो पोकळ आणि साधारण साडेसहा मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा व्हायला हवा. त्यासाठी दोन वाट्या दाबून, त्या जोडून, वरून कातावं लागतं. भिंत एका अंगाला जाड झाली तर गोळा जन्मभर तिकडेच वळतो. सरावापुरता सोपा तोडगा म्हणजे 78 मिलिमीटरचा भरीव ॲल्युमिनियमचा गोळा. तो सुमारे 670 ग्रॅमचा होतो. पण तो मऊ असतो, लवकर चेपतो आणि लहान हाताला मोठा पडतो. स्पर्धेत त्याला जागा नाही, तिथे मान्यताप्राप्त कारखान्याचेच गोळे चालतात.

चांगले गोळे विकत घेतलेले बरे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त संचांत कधी कधी आत वाळूसारखं काहीबाही भरलेलं असतं. शहाबाद फरशी पाणसळीने सपाट बघून तिच्यावर गोळा हळूच सोडा. दर वेळी एकच बाजू खाली करून थांबत असेल तर संच परत पाठवा. लावणाऱ्याने 71 ते 74 मिलिमीटरचा, जरा जड आणि खाचा असलेला गोळा घ्यावा. तो जमीन धरतो. मारणाऱ्याला थोडा मोठा, गुळगुळीत आणि 700 ग्रॅमच्या आतबाहेरचा बरा. प्रत्येकाच्या गोळ्यांवरच्या रेषा वेगळ्या हव्यात, म्हणजे डाव संपल्यावर "हा माझा की तुझा" यावरून वाद नको. रंगाने ओळख ठेवली तर ती आठवडाभरात झडते.

लाकडी गोळे करून बघायचा मोह होतो. क्रिकेटच्या चेंडूचा व्यासही जवळपास 72 मिलिमीटरच आहे. पण दोन्ही चौपटीने हलके, त्यामुळे टप्प्यावर उसळून भलतीकडे जातात. प्रोव्हांसच्या लोकांनाही हीच अडचण होती. ते बॉक्सवुडच्या कठीण लाकडाच्या गोळ्याला सगळीकडून खिळे ठोकून जड करत, माशाच्या खवल्यांसारखे एकाला एक लागून. 1920च्या दशकाच्या शेवटी पोलादी गोळे आले आणि ते खिळेकाम थांबलं. मुलांना हात बसवायला मात्र क्रिकेटचा जुना चेंडू द्यायला काहीच हरकत नाही.

डाव कसा चालतो

नाणं उडवा. जिंकणारा संघ जमिनीवर 35 ते 50 सेंटीमीटरचं रिंगण आखतो. वीस इंची सायकलची जुनी रिंग ठेवून भोवती काडीने रेघ मारली की बरोबर माप येतं. रेघ मारून रिंग उचला, नाहीतर कुणीतरी अडखळतो. रिंगण भिंतीपासून वा झाडापासून निदान एक मीटर दूर असावं.

त्याच संघातला एकजण पिल्लू फेकतो. ते सहा ते दहा मीटरवर पडलं पाहिजे. मध्यम उंचीच्या माणसाची आठ ते तेरा पावलं धरा. कमी-जास्त पडलं तर दुसरी संधी नाही, समोरचा संघ ते योग्य अंतरात हवं तिथे ठेवतो. पिल्लू फेकणाऱ्या संघाने पहिला गोळा टाकायचा, मग समोरच्याने एक. इथून पुढे आळीपाळी संपली. ज्याचा गोळा पिल्लाला सगळ्यात जवळ तो संघ थांबतो. दुसरा संघ, त्याचा गोळा जवळ जाईपर्यंत किंवा त्याचे गोळे संपेपर्यंत, टाकतच राहतो. नव्या लोकांची गडबड इथेच होते. क्रिकेटसारखी पाळी धरून चालतात आणि जवळ असलेलाच पुन्हा टाकतो.

सगळे गोळे संपले की मोजणी. समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या गोळ्यापेक्षा आपले जेवढे जवळ, तेवढे गुण. समजा आपले गोळे 12, 30 आणि 45 सेंटीमीटरवर आहेत आणि त्यांचा उत्तम गोळा 33वर. आपल्याला दोन गुण, त्यांना शून्य. एका डावात गुण एकाच संघाला मिळतात. गुण मिळवणारा संघ पिल्लू जिथे होतं तिथे नवं रिंगण आखतो आणि उलट दिशेने खेळ चालू. तेराला पोचला तो जिंकला.

पिल्लू डावाच्या मध्ये उडालं तर? जिथे जाईल तिथे ते जिवंतच. पट्टीबाहेर गेलं तर मात्र बघा: दोघांकडेही गोळे शिल्लक असतील किंवा दोघांचेही संपले असतील तर डाव रद्द. एकाकडेच शिल्लक असतील तर त्याला शिल्लक गोळ्यांइतके गुण. हा नियम नवख्यांना अन्याय वाटतो. मुरलेला खेळाडू मात्र हातात तीन गोळे ठेवून मुद्दाम पिल्लालाच मारतो.

मोजायला सुताराची फीत ठेवा. वितीने मोजलं की प्रत्येकाची वीत सोयीप्रमाणे लांबते. मोजताना गोळा हलवायचा नाही, आणि हलवणाऱ्याच्या संघाने तो गुण गमावला असं आधीच ठरवून टाका. डाव सुरू झाल्यावर पिल्लाच्या आणि गोळ्यांच्या जागी मातीवर बारीक खूण करण्याची शिस्त लावून घ्या, मुलं-कुत्री मधून पळतातच.

हात

गोटी मारताना बोटाचा ताण लागतो, क्रिकेटमध्ये खालून चेंडू टाकताना तळवा वर असतो. इथे तळवा खाली. सगळी मेख यात आहे. गोळा चार बोटांच्या आणि तळव्याच्या खोबणीत धरायचा, बोटं एकमेकांना चिकटलेली, अंगठा नुसता टेकलेला. हात खांद्यापासून घड्याळाच्या लंबकासारखा मागे जातो आणि पुढे येतो. कोपर वाकत नाही. सुटताना बोटं उघडतात आणि गोळ्याला उलटी फिरकी बसते. या फिरकीमुळे तो पडल्यावर पुढे पळत नाही. तळवा वर ठेवून टाकलेला गोळा पडतो आणि उताराला लागलेल्या बैलगाडीसारखा पिल्लाला मागे टाकून निघून जातो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं हेच होतं.

दुसरी चूक नजरेची. सगळे पिल्लाकडे बघून फेकतात. बघायचं असतं ते टप्प्याकडे, म्हणजे गोळा जिथे पहिल्यांदा टेकणार त्या जागेकडे. रिंगणात पाय ठेवायच्या आधी चालत जा, जमीन बघा. कुठे खडा आहे, कुठे उतार आहे, कुठे मघाचा गोळा अडला. एक टप्पा मनात पक्का करा आणि मग पिल्लू विसरा. मार्सेयचे म्हातारे याच कारणाने एवढे फिरत असतात. ते कंटाळलेले नसतात, वाचत असतात.

लावण्याचे तीन प्रकार. घरंगळ: उकिडवं बसून, टप्पा एक ते तीन मीटरवर, बाकीचं अंतर गोळा स्वतः चालतो. सपाट, कमी खड्यांच्या जमिनीवर हाच. अर्धी झेप: टप्पा निम्म्या वाटेवर किंवा जरा पुढे, हात खांद्याच्या उंचीपर्यंत. आपल्या बहुतेक अंगणांना ही सोसते. उंच झेप: उभं राहून गोळा वर चढवायचा आणि पिल्लाच्या अर्धा-एक मीटर अलीकडे सरळ खाली आणायचा. मध्ये दगड असतील किंवा समोरच्याने दोन गोळ्यांचं कुंपण घातलं असेल तर दुसरा मार्गच नसतो. उंच झेपेला जमीन जरा मऊ लागते. कडक जमिनीवर गोळा उसळी खातो आणि सगळा आटापिटा वाया.

गोळा नेहमी डावीकडे जातो? उजव्या हाताच्या माणसाचा हात सुटताना पोटासमोरून आडवा जात असतो. नेहमी अपुरा पडतो? लवकर सुटतोय. आकाशात जातो? उशिरा सुटतोय, किंवा मनगटाने ढकलला जातोय. एका वेळी एकच चूक दुरुस्त करा, आणि तीही सामन्यात नाही, एकट्याने.

मारणं हे वेगळं शास्त्र. सरळ उभं राहायचं, हात जास्त मागे न्यायचा आणि गोळा थेट समोरच्या गोळ्यावर हवेतून आदळवायचा. लोखंडावर लोखंड. अलीकडे टप्पा पाडून सरपटत नेऊनही लागतो, पण मध्ये खडा आला की दिशा जाते. समोरचा गोळा उडून आपला नेमका त्याच्या जागी बसला तर त्याला कारो म्हणतात. मार्सेयमध्ये कारोला टाळी पडते, आणि मारणारा जणू रोजचंच असल्यासारखा चेहरा करतो. सराव सहा मीटरपासून करा. मोकळ्या जमिनीवर एक गोळा ठेवा आणि दहादा मारा. दहात पाच लागेपर्यंत सातवर जाऊ नका. मग आठ, मग नऊ.

मारायचं की लावायचं

त्यांचा गोळा पिल्लाला चिकटून किंवा वीतभर अंतरात असेल तर लावून त्याहून जवळ जाणं अवघड, मारा. अर्धा-पाऊण मीटर लांब असेल तर लावा. मध्ये असेल तर हातात किती गोळे आहेत ते मोजा. त्यांच्याकडे एक आणि आपल्याकडे चार असतील तर एक मारण्यात घालवणं परवडतं. उलट असेल तर नाही. तिघांच्या संघात एक लावणारा, एक मारणारा आणि मधला दोन्ही करणारा. मधल्या जागी घरातला सगळ्यात शांत माणूस ठेवा.

प्रोव्हांसमध्ये म्हणतात, पुढचा गोळा म्हणजे चांदी. पिल्लाच्या थोडा अलीकडे थांबलेला गोळा समोरच्याची वाट अडवतो, आणि त्याला कुणी मागून ढकलला तर तो जवळच जातो. पिल्लाच्या पलीकडे गेलेला गोळा तेवढ्याच अंतरावर असला तरी निम्म्या किमतीचा. म्हणून शंका असेल तेव्हा अपुरा टाका.

बोलणं, सार्डिन आणि फानी

हा खेळ मुक्याने खेळला तर त्यातलं मार्सेय निघून जातं. थापा मारण्यात त्या शहराचा हात कुणी धरू शकत नाही. "सार्डिन माशाने मार्सेयचं बंदर अडवलं" हा वाक्प्रचार फ्रान्सभर त्यांना चिडवायला वापरतात. गंमत म्हणजे त्यात थापेपेक्षा तथ्य जास्त आहे. 1780 मध्ये नौदलमंत्र्याच्या नावाचं 'सार्तीन' हे जहाज बंदराच्या तोंडाशी बुडालं आणि वाट खरोखरच अडली. ते येत होतं आपल्याच बाजूने, पाँडिचेरीहून सुटलेले फ्रेंच कैदी घेऊन. एक अक्षर बदललं आणि जहाजाचा मासा झाला. त्याच पुदुच्चेरीत आजही पेतांक खेळतात.

तर टोमणे, अंदाज, "काका, तेवढं लांब पोचतंय होय?" हे सगळं चालू द्या, पण फेकणारा रिंगणात शिरेपर्यंतच. त्याने पाय रोवले की सगळे गप्प, हा लिखित नियम आहे. फेकायला त्याला एक मिनिट. विरुद्ध संघाने पिल्लाच्या पलीकडे किंवा फेकणाऱ्याच्या मागे, बाजूला निदान दोन मीटर सरकून उभं राहायचं. सातशे ग्रॅम लोखंड हवेतून जात असतं, त्यामुळे लहान मुलांना पट्टीच्या टोकाला अजिबात उभं करू नका. मारलेले गोळे तिकडेच सुटतात.

तेरा-शून्य हरणाऱ्यासाठी एक खास शिक्षा आहे: फानीचा मुका. फानी म्हणजे पाठमोरी, कमरेखाली उघडी बाई. तिचं चित्र किंवा पुतळा अनेक गोळा-मंडळांत पडद्याआड ठेवलेला असतो. शून्यावर हरलेल्याने सगळ्यांदेखत गुडघे टेकून तिच्या पार्श्वभागाचा मुका घ्यायचा आणि वर सगळ्यांना प्यायला द्यायचं. ही फानी मुळात कोण याच्या कथा गावोगाव निराळ्या, बहुतेकींत ती कॉफीघरात काम करणारी मुलगी असते आणि आधी गालाचा मुका देत असते. आपल्या परड्यात सासऱ्यांसमोर हे चालायचं नाही. पाठमोऱ्या हेल्याचं चित्र पुठ्ठ्यावर काढा, त्याला झेंडूची माळ घाला आणि हरलेल्या संघाला त्याच्या शेपटीला नमस्कार करायला लावा. दंड म्हणून पाव किलो कुंदा. कुंदा विजेत्यांनी आधी खायचा.

मार्सेयला या वेळी पास्तिस पितात. बडीशेपेच्या वासाची ही दारू 1932 मध्ये पॉल रिकारने तिथे बाजारात आणली. एक भाग दारूला पाच भाग पाणी घालतात आणि ती दुधासारखी पांढरी होते, कारण बडीशेपेचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. बर्फ पाण्यानंतर, आधी घातला तर त्या तेलाचे कण बनतात. आपल्याकडे त्याच वासाचं बडीशेपेचं सरबत आहेच. दोन मोठे चमचे बडीशेप रात्रभर दोन पेले पाण्यात भिजवून, वाटून, गाळून, चार चमचे साखर आणि चिमूटभर सैंधव घाला. ते पांढरं होणार नाही, पण गोळ्यांच्या खणखणाटात वास तोच येतो.

तिकडचे मोठे मेळावे बघायचे असतील तर जुलैच्या सुरुवातीला मार्सेयच्या बोरेली बागेत 1962 पासून तिघा-तिघांची एक प्रचंड स्पर्धा भरते. ला मार्सेयेज या वर्तमानपत्राने सुरू केलेल्या या स्पर्धेत हजारो लोक येतात, आणि जगज्जेत्याची पहिली गाठ कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी पडू शकते. ठिकाणं आयत्या वेळी बदलतात, फलक बघूनच निघावं.

आपल्याकडे जुलैत पट्टी पाण्याखाली असते. जूनच्या आधी वरची मोकळी कच खराट्याने ओढून बाजूला ढीग करून ठेवा, नाहीतर ती वाहून गटारात जाते. सप्टेंबरनंतर पुन्हा पसरा आणि एकदा रोलर फिरवा. गोळे ओले राहिले तर साध्या पोलादाच्या गोळ्यांना दोन दिवसांत गंज धरतो. खेळ संपला की कोरड्या फडक्याने पुसायचे, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात द्यायचा. खोबरेल लावू नका, त्याला माती चिकटते आणि थंडीत ते गोठतं. पुसताना प्रत्येक गोळ्यावरून अंगठा फिरवा. कडेला धारदार पापुद्रा आला असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढाच घासा, जास्त नको, वजन बदलतं.